मिगमाकांचा धर्म कोणता, हा प्रश्न जरा बाजूला ठेवू

कॅनडाच्या पूर्व टोकाला, अटलांटिकच्या कडेने मिगमाक लोक राहतात. नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड आयलंड, न्यू ब्रन्सविकचा बराचसा भाग, क्विबेकमधला गास्पे, न्यूफाउंडलंड आणि अमेरिकेच्या मेन राज्याचा एक कोपरा मिळून त्यांचा मुलूख होतो. त्याला ते मिगमागी म्हणतात. बातम्यांमध्ये त्यांचं नाव बहुतेकदा ‘मिकमॅक’ असं येतं. त्यांचा स्वतःचा उच्चार ‘मिगमाक’च्या जवळ जातो, म्हणून इथे तोच घेतला आहे.

त्यांच्या श्रद्धांबद्दल वाचायला बसलं की पहिल्या तासाभरातच डोकं गरगरतं. एकीकडे कळतं की बहुसंख्य मिगमाक कॅथलिक आहेत, आणि तेही कालपरवापासून नाही, चारशे वर्षांपासून. दुसरीकडे दिसतं की जानेवारीच्या अखेरच्या रात्री काही घरांतून ईल माशाची कातडी आणि माशांची डोकी बाहेर नेऊन झाडाच्या बुंध्यावर ठेवली जातात. अपुकनाजित नावाच्या हिवाळ्याच्या शक्तीसाठी. अर्धा हिवाळा निभावला म्हणून आभार, उरलेला निभावू दे म्हणून विनंती. आणि जुलै उजाडला की हीच माणसं सेंट ॲनच्या मूर्तीमागे प्रार्थना म्हणत चालत असतात.

मग हे लोक ख्रिश्चन की निसर्गपूजक? खरा जुना धर्म कोणता, आणि वरचा मुलामा कोणता? बाहेरचे अभ्यासक हाच प्रश्न फार काळ विचारत राहिले. मला तो प्रश्नच नीट बसलेला वाटत नाही. मिगमाक परंपरेत ‘तुझा कशावर विश्वास आहे’ याला फारसं महत्त्व नाही. तिथे विचारलं जातं ते ‘तुझ्यावर कोणाकोणाचं देणं आहे, आणि तू ते चुकतं केलंस का’. हे धरून चाललं की बऱ्याच गोष्टी आपोआप जागेवर बसतात.

आजीसाठी मारलेला मार्टेन

या परंपरेला एकच पोथी नाही. गोष्टी आहेत, आणि त्या सांगणाऱ्यागणिक थोड्याफार बदलतात. जगाच्या निर्मितीची जी गोष्ट आज सर्वांत जास्त सांगितली जाते, तिच्यात सुरुवातीला किसूल्क आहे, म्हणजे निर्माता. मग निस्काम, म्हणजे सूर्य, आजोबा. मग पायाखालची धरती, आई. या धरतीवर वीज पडते आणि मातीतून माणसाचा आकार उमटतो. तो ग्लुस्काप. डोकं उगवतीकडे, पाय मावळतीकडे, हात उत्तर-दक्षिणेला पसरलेले. पण त्याला हलता येत नाही. दुसरी वीज पडते तेव्हा बोटं, डोळे, कान येतात. तिसऱ्या विजेनंतर तो मातीतून मोकळा होऊन उभा राहतो.

पुराणकथांतले नायक उभे राहिले की सहसा राक्षस मारायला निघतात. ग्लुस्कापही पुढे मोठमोठे पराक्रम करतो. फंडीच्या उपसागरातल्या मायनस खोऱ्याकाठी ब्लोमिडन नावाचा लाल कड्यांचा डोंगर आहे, ते त्याचं घर मानतात. जवळची फाइव्ह आयलंड्स नावाची बेटं म्हणजे त्याने बीव्हरवर, म्हणजे ओढ्यांना बांध घालणाऱ्या प्राण्यावर, भिरकावलेले मातीचे गोळे. पण निर्मितीच्या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग अगदी घरगुती आहे.

ग्लुस्कापला एक म्हातारी भेटते. खडकावर दव पडलं, त्यावर सूर्याचं ऊन पडलं आणि त्यातून ती जन्मली. ती त्याची आजी, नुगुमी. ती म्हणते, मी म्हातारी आहे, मला नुसत्या पाल्यावर आणि फळांवर जगता येणार नाही, मला मांस लागेल. तेव्हा ग्लुस्काप मार्टेनला हाक मारतो. मार्टेन म्हणजे झाडावर राहणारा, दाट मऊ केसांचा एक छोटा शिकारी प्राणी. आजी जगावी म्हणून तू तुझा जीव देशील का, असं तो त्याला विचारतो. मार्टेन कबूल होतो. आजी त्याची मान मोडते आणि त्याला जमिनीवर ठेवते. आणि इथे ग्लुस्कापला वाईट वाटतं. आपल्या भावासारख्या जिवाला आपण मारायला लावलं, याचं. तो किसूल्ककडे मार्टेनचा जीव परत मागतो. मार्टेन उठून रानात पळून जातो, आणि जमिनीवर त्याच्या जागी दुसऱ्या मार्टेनचं शरीर पडलेलं असतं.

गोष्ट इथे शिकार चूक ठरवत नाही. आजी जेवते. मारल्याशिवाय जगता येत नाही हे गोष्टीला मान्य आहे, आणि मारणं ही साधी गोष्ट नाही हेही. विचारावं लागतं, वाईट वाटावं लागतं, आणि काहीतरी परत द्यावं लागतं.

पुढे समुद्राच्या फेसातून भाचा येतो, झाडाच्या पानातून आई येते. म्हणजे पहिल्या कुटुंबातलं प्रत्येक माणूस मातीतून, खडकातून, पाण्यातून नाहीतर पानातून आलेलं आहे. मिगमाक समारंभांत ‘म्सित नोगमाक’ हे शब्द वारंवार कानावर पडतात. ‘माझे सगळे नातेवाईक’ असा त्याचा अर्थ. त्या नातेवाइकांत खडक आणि पाणी का मोजतात, ते वेगळं सांगायला नको.

हाडं कुत्र्यांपुढे टाकायची नाहीत

क्रेत्यॅं ल क्लेर्क नावाचा फ्रेंच मिशनरी १६७५ मध्ये गास्पेला आला आणि पुढची काही वर्षं मिगमाकांमध्ये राहिला. बीव्हरची हाडं हे लोक कुत्र्यांना घालत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलं आहे. कारण साधं होतं: मेलेल्या बीव्हरचा आत्मा जाऊन बाकीच्या बीव्हरांना सांगेल की इथे आपल्या हाडांचे हाल होतात, आणि मग एकही बीव्हर शिकाऱ्याच्या हाती लागणार नाही. ल क्लेर्कला ही भोळी समजूत वाटली. पण तिच्यामागचा विचार बघा. शिकार मिळते ती केवळ शिकाऱ्याच्या कसबावर नाही, प्राण्याच्या राजीखुशीवर. आणि ती राजीखुशी पुढच्या हंगामातही टिकवायची असते.

या सगळ्या वागणुकीला मिगमाक लोक नेदुगुलिम्क म्हणतात. आपल्यापुरतं घ्यायचं, आपल्या माणसांचं पोट भरेल इतकं घ्यायचं, आणि ज्यातून घेतलं ते पुढच्या पिढ्यांना पुरेल असं ठेवायचं. इंग्रजीत याचं भाषांतर ‘शाश्वत वापर’ असं करून सरकारी अहवालांत टाकतात. त्यात अर्धी गोष्ट गळते. नेदुगुलिम्कमध्ये मूस, म्हणजे तिकडचं प्रचंड हरीण, मारलं की त्याच्या जागी तंबाखूची चिमूट ठेवणंही येतं आणि मांस म्हाताऱ्यांच्या घरी पोहोचवणंही येतं. विधी, हिशेब आणि शेजारधर्म तिथे एकाच दोरीत वळलेले आहेत.

ईल माशाचं उदाहरण घेऊ. लांबट, सापासारखा, आपल्या वामीचा भाऊबंद. मिगमाकांच्या जेवणात तो मोठा. त्याची कातडी सुकवून मुरगळलेल्या सांध्याला बांधायचे, ती आवळत जाऊन आधार द्यायची. अपुकनाजितला जी कातडी ठेवतात तीही याचीच. ऑगस्ट १९९३ मध्ये डोनाल्ड मार्शल ज्युनियर यांनी नोव्हा स्कोशियात पॉमकेट बंदरात ४६३ पौंड ईल पकडून ७८७ डॉलर १० सेंटला विकले. परवाना नव्हता, हंगाम बंद होता, त्यामुळे खटला झाला. हे तेच मार्शल, ज्यांनी न केलेल्या खुनासाठी अकरा वर्षं तुरुंगात काढली होती, आणि ज्यांचे वडील मिगमाकांचे ग्रँड चीफ होते. १७ सप्टेंबर १९९९ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रिटिशांशी झालेल्या १७६०-६१ च्या तहांचा आधार घेऊन त्यांच्या बाजूने निकाल दिला: मिगमाकांना मासे पकडून विकून माफक उपजीविका करण्याचा हक्क आहे. ‘माफक’ म्हणजे किती, यावर आजही भांडणं चालू आहेत. सिपेकनेकातिक या मिगमाक समुदायाने स्वतःच्या नियमांनी लॉबस्टर पकडायला सुरुवात केली तो दिवस होता १७ सप्टेंबर २०२०, त्याच निकालाचा वर्धापनदिन. त्यानंतरच्या आठवड्यांत दंगल आणि जाळपोळ झाली. या वादात मिगमाक बाजूने बोलणारे वारंवार नेदुगुलिम्कचा हवाला देतात, तो कोर्टात शोभून दिसावा म्हणून नाही. मासा पकडणं आणि माशाचं देणं मानणं त्यांच्या लेखी वेगळं काढताच येत नाही.

सप्तर्षींची शिकार

आता आकाशाकडे. ज्याला आपण सप्तर्षी म्हणतो, त्यातल्या चौकोनात मिगमाकांना अस्वल दिसतं: मुइन. क्रतू, पुलह, पुलस्त्य आणि अत्री हे चार तारे म्हणजे अस्वल. शेपटीचे तीन आणि त्यांच्या मागचे भूतप समूहातले, स्वातीच्या आसपासचे चार, असे सात पक्षी त्याच्या मागावर आहेत. उत्तर मुकुट ही ताऱ्यांची छोटी कमान म्हणजे अस्वलाची गुहा.

वसंतात अस्वल गुहेतून बाहेर पडतं आणि शिकारी पाठलागाला लागतात. उन्हाळाभर हा पाठलाग उत्तरेच्या क्षितिजावरून चालतो. शरद जवळ आला की मागचे पक्षी एकेक करून क्षितिजाखाली जातात, म्हणजेच माग सोडतात. आधी दोन घुबडं, मग ब्लू जे आणि कबूतर. उरतात तिघे. सर्वांत पुढे रॉबिन. शरदाच्या मध्यावर अस्वल मागच्या पायांवर उभं राहतं, रॉबिन बाण मारतो, आणि भुकेच्या घाईत अस्वलावर झेप घेऊन रक्ताने माखतो. एका मेपलच्या झाडावर जाऊन तो अंग झटकतो. सगळं रक्त उडतं, छातीवरचं तेवढं राहतं. म्हणून अमेरिकन रॉबिनची छाती लाल आणि म्हणून शरदात मेपलची पानं लाल. हिवाळाभर अस्वलाचा सांगाडा उताणा पडून असतो, पण त्याचा जीव गुहेत निजलेल्या दुसऱ्या अस्वलात शिरलेला असतो, आणि वसंतात तेच पुन्हा बाहेर येतं. जमिनीवर मार्टेनच्या बाबतीत घडलं, तेच आकाशात दर वर्षी.

रॉबिनच्या मागे असतो चिकाडी हा इवलासा पक्षी. तो म्हणजे वसिष्ठाचा तारा. आणि त्याला चिकटून जो अंधुक तारा दिसतो, नवरा-नवरीला लग्नात दाखवतात ती आपली अरुंधती, तो मिगमाकांच्या लेखी चिकाडीच्या हातातलं भांडं आहे, अस्वलाचं मांस शिजवायचं. जगाच्या दोन टोकांच्या लोकांनी नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसणारा तोच तारा हेरला आणि त्याला गोष्टीत नेमकी जागा दिली, याची मला गंमत वाटते. तिसरा, ग्रे जे, शिकार झाल्यावर जेवणाच्या वेळेला हजर होतो. हा पक्षी आजही रानात शिकाऱ्यांच्या आणि सहलीवाल्यांच्या ताटावर असाच येऊन टपकतो.

ही गोष्ट समजायला अक्षांशाचं थोडं गणित लागतं. महाराष्ट्रातून शरदातल्या संध्याकाळी सप्तर्षी दिसतच नाहीत, ते मावळलेले असतात. नोव्हा स्कोशिया ४५ अंशांच्या आसपास आहे. तिथून अस्वल कधीच मावळत नाही, वर्षभर ध्रुवाभोवती फिरत राहतं. त्यामुळे संध्याकाळच्या त्याच वेळी त्याची ठेवण बघितली की ऋतू कळतो. २००९ च्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्षात नोव्हा स्कोशियातल्या केप ब्रेटन बेटावरच्या वडीलधाऱ्यांनी आणि विद्यापीठातल्या संशोधकांनी मिळून ही गोष्ट पुन्हा लोकांपुढे आणली.

मेंबर्तूचा बाप्तिस्मा आणि भाकरीचा प्रश्न

२४ जून १६१०. पोर्ट रॉयल या फ्रेंच वसाहतीत मिगमाकांचा म्हातारा प्रमुख मेंबर्तू आणि त्याच्या घरची वीस माणसं यांचा बाप्तिस्मा झाला. फ्रान्सच्या राजाच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं आंरी. राजाचा महिनाभर आधीच खून झाला होता, पण ती बातमी समुद्र ओलांडून यायची होती. बाप्तिस्मा देणारा पाद्री झेसे फ्लेशे याला मिगमाक भाषा येत नव्हती. तरी थोड्या काळात त्याने शंभराहून जास्त लोकांना पाणी शिंपडून ख्रिश्चन केलं. पुढच्या वर्षी जेझुइट या कॅथलिक संघाचे पाद्री आले आणि कपाळाला हात लावून बसले, कारण या नव्या ख्रिश्चनांना आपण नेमकं काय केलंय याचा पत्ताच नव्हता.

मेंबर्तू स्वतः बुओइन होता, म्हणजे आजार बरे करणारा, पुढचं पाहणारा, शक्तींशी बोलणारा माणूस. म्हणजे त्याला विधी नवे नव्हते. जेझुइट पिएर ब्यार त्याला ‘आम्हांला रोजची भाकरी दे’ ही प्रार्थना शिकवत होता, तेव्हा म्हातारा म्हणाला, नुसती भाकरी मागितली तर मूसचं मांस आणि मासे मिळणार नाहीत ना. ब्यारने हे भोळेपणाचा नमुना म्हणून टिपलं असावं. मला त्यात चांगला मुरलेला व्यवहार दिसतो: मागायचं तर नीट मागावं. १६११ च्या सप्टेंबरमध्ये तो आजारी पडला. मला पूर्वजांशेजारी पुरा, असा त्याने हट्ट धरला. ब्यार अडून बसला. शेवटी मेंबर्तूने ख्रिश्चन दफनभूमीला होकार दिला आणि त्याच महिन्यात तो गेला.

मिगमाकांच्या ग्रँड कौन्सिलच्या, म्हणजे सान्ते मावियोमीच्या परंपरेत या बाप्तिस्म्याकडे करार म्हणून पाहिलं जातं. दोन पक्षांनी एकमेकांना नातेवाईक मानलं, असा. मग कराराप्रमाणे दोन्हीकडून देणं आलं. पाद्री येतील, जातील, पण आपल्या बाजूचं आपण सोडायचं नाही. आणि झालंही तसंच. अठराव्या शतकात फ्रेंच हरले, इंग्रज आले, कॅथलिक पाद्री दुर्मीळ झाले. तेव्हा प्रत्येक वस्तीत प्रार्थना म्हणून घेणारी माणसं तयार झाली. बाप्तिस्मा, लग्न, मर्तिक, सगळं तीच चालवत.

त्यांच्या हातात असायच्या चित्रलिपीतल्या वह्या. याचं श्रेय पुन्हा ल क्लेर्कला जातं, पण अर्धंच. तो शिकवत असताना काही मुलं लक्षात राहावं म्हणून बर्चच्या सालीवर कोळशाने खुणा करत होती. त्याने त्या खुणा उचलल्या, वाढवल्या. पुढच्या शतकात पिएर मायार या फ्रेंच पाद्र्याने त्यांत भर घातली. १८६६ मध्ये व्हिएन्नात या लिपीतलं प्रार्थनापुस्तक छापलंही गेलं. पण बहुतेक घरांत वही हातानेच उतरवलेली असे, आईवडिलांकडून मुलांकडे आलेली. शिवाय खुणा करण्याची सवय मिशनऱ्यांच्या आधीपासूनची आहेच. नोव्हा स्कोशियातल्या केजिमकुजिकमध्ये तळ्याकाठच्या स्लेटच्या खडकांवर पाचशेहून जास्त कोरीव चित्रं आहेत.

संत निवडतानाही मिगमाकांनी आपली माणसं पाहिली. त्यांनी जवळ केली ती सेंट ॲन, येशूची आजी. ज्या परंपरेत पहिल्या माणसाला पहिल्यांदा आजी भेटते, तिथे आजीला मान मिळणं ओघाने आलं. केप ब्रेटनमधल्या ब्रा दोर सरोवरात पोटलोटेकजवळ एक छोटं बेट आहे. मायारने अठराव्या शतकाच्या मध्यात इथे मिशन वसवलं. दर वर्षी जुलैच्या अखेरीस, २६ तारखेच्या सेंट ॲनच्या सणाच्या सुमारास, मिगमागीभरातून कुटुंबं होड्यांतून बेटावर येतात. तिथे त्यांच्या लहान लहान केबिन आहेत. मिस्सा होते, मूर्तीची मिरवणूक निघते, मिगमाक भाषेत भजनं होतात. त्याच दिवसांत ग्रँड कौन्सिल बसते: ग्रँड चीफ, ग्रँड कॅप्टन, आणि करारांची स्मृती जपणारा पुतूस. एका बाजूला मेणबत्ती, दुसऱ्या बाजूला मच्छीमारीच्या हक्कावर चर्चा, आणि यात काही विसंगत आहे असं तिथे कुणाला वाटत नाही. (याच संताचा सण त्याच जुलैत गोव्यात तळावलीच्या चर्चमध्ये तवशांचं फेस्त म्हणून होतो. मूल हवं असलेली जोडपी तिथे काकडी वाहतात. आजीकडे मागण्यासारख्या गोष्टी सगळीकडे सारख्याच असाव्यात.)

सालिते

मिगमाकांचं हे ‘देणं’ प्रत्यक्ष कसं दिसतं ते बघायचं तर मर्तिकानंतरची सालिते बघावी. आधी मृतदेह घरी किंवा समाजमंदिरात ठेवून जागरण होतं. रात्रभर कोणी ना कोणी शेजारी बसलेलं असतं, प्रार्थना आणि भजनं चालू असतात. दफन झालं की सगळे हॉलमध्ये जेवायला जमतात. आणि मग लिलाव सुरू होतो. गेलेल्या माणसाच्या वस्तू, शिवाय लोकांनी आणून दिलेल्या गोधड्या, विणलेल्या टोपल्या, घरात केलेले पदार्थ.

लिलाव म्हटल्यावर स्वस्तात मिळवायचं असं आपल्या डोक्यात असतं. इथे उलटं. साध्या वस्तूला लोक मुद्दाम चढी बोली लावतात, एकमेकांना डिवचतात, हसतात. जमलेले पैसे कुटुंबाला, अंत्यविधीचा खर्च भागवायला. दिवस संपेपर्यंत कर्ज फिटलेलं असतं, पाहुण्यांच्या घरी गेलेल्याची एखादी वस्तू पोहोचलेली असते, आणि तीन दिवस रडणारी माणसं थोडी हसलेली असतात. मेलेला आकाशगंगेच्या वाटेने जातो, ती आत्म्यांची वाट, असं जुन्या गोष्टी सांगतात. त्याला कुणाचं देणं मागे ठेवून जावं लागत नाही, ही व्यवस्था मात्र जिवंत माणसांनी केलेली आहे.

तुटलेलं, उसनं आणलेलं

हे सगळं अखंड चालत आलं असं चित्र रंगवणं खोटं होईल. कॅनडाच्या इंडियन ॲक्टने १८८४ मध्ये पॉटलॅचवर बंदी घातली, १८९५ मध्ये ती आणखी विधींपर्यंत ताणली, आणि १९५१ मध्ये ही कलमं गळली. पॉटलॅच हा पश्चिम किनाऱ्याचा विधी, पण हवा देशभर तीच होती. १९२८ मध्ये ग्रँड चीफ गेब्रियल सिलिबॉय यांना शिकारीच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं. तहाने दिलेला हक्क आहे, हे त्यांचं म्हणणं कोर्टाने मोडीत काढलं. नोव्हा स्कोशियाने त्यांना माफी दिली २०१७ मध्ये, ते जाऊन कित्येक वर्षं झाल्यावर. आणि १९३० ते १९६७ पर्यंत शुबेनाकडीची निवासी शाळा चालली, म्हणजे मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवण्याची शाळा. कॅथलिक नन्स चालवत असलेल्या या शाळेत मुलांना मिगमाक बोलल्याबद्दल मारलं जाई. विधी चालवायचे तर भाषा लागते. तीच तोडली की बाकीचं सुटतं. पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२२ मध्ये कॅनडात येऊन निवासी शाळांबद्दल माफी मागितली. काहींना ती पुरेशी वाटली, काहींना अजिबात नाही.

१९७० नंतर मिगमाक तरुण जुनं शोधायला लागले, तेव्हा बऱ्याच गोष्टी घरात शिल्लक नव्हत्या. काही त्यांनी पश्चिमेकडच्या लाकोटा, ओजिब्वे अशा लोकांकडून घेतल्या. आज मिगमाक पॉवावमध्ये, म्हणजे नाचगाण्याच्या मेळाव्यात, मोठ्या ढोलाभोवती बसून गातात, ती पद्धत मैदानी प्रदेशातून आली. धुरीसाठी शिंपल्यात जाळतात ती सेज नावाची सुगंधी वनस्पती मुख्यतः तिकडच्या गवताळ भागातली. स्वीटग्रास मात्र इथलंच, खाऱ्या दलदलीत उगवणारं. त्याची तीन पदरी वेणी घालतात. धूर ओंजळीने ओढून आधी डोक्यावरून, मग डोळे, कान, छातीवरून फिरवतात. जिगमाकन हे तालवाद्यही पक्कं मिगमाक. ॲशच्या लाकडाचा दांडका एका टोकाला ठोकून ठोकून त्याचे पापुद्रे सुटे करायचे, दुसरं टोक मुठीत धरायचं, आणि तळहातावर आपटायचं. खळ्ळ-खळ्ळ असा कोरडा आवाज येतो. कोजुआ हा नाच यावरच चालतो.

घाम काढण्याची झोपडी, स्वेट लॉज, याबद्दल मतभेद होते आणि आहेत. वाकवलेल्या फांद्यांचा बुटका घुमट, वरून झाकलेला. मधल्या खड्ड्यात तापवून लाल केलेले दगड, ज्यांना आजोबा म्हणतात. त्यांवर पाणी, अंधार, वाफ, प्रार्थना, बहुधा चार फेऱ्यांत. घाम काढून शुद्ध होण्याची चाल मिगमाकांत जुनी आहे, फ्रेंच नोंदींत ती सापडते. पण आजचा विधी बऱ्याच अंशी पश्चिमेकडून शिकलेला. काही कॅथलिक वडीलधाऱ्यांना हे परकं वाटलं. उलट काही तरुण म्हणाले, परकं तर चर्च आहे. मला या भांडणात कुणाची बाजू घ्यायची गरज वाटत नाही. १६१० मध्ये आलेली गोष्ट आपली करून घेता येते, तर १९८० मध्ये आलेलीही येईल. उसनं आणलं यापेक्षा, आणलेल्याला आपल्या नात्यांत बसवलं का, हे बघावं. शेवटी कित्येक माणसं सकाळी चर्चला आणि संध्याकाळी लॉजमध्ये जातात.

एस्कासोनी या मिगमाक वस्तीतले वडीलधारे अल्बर्ट मार्शल यांनी २००४ मध्ये यासाठी एदुआप्तमुम्क ही कल्पना मांडली: एका डोळ्याने आपलं ज्ञान, दुसऱ्याने पाश्चात्त्य विज्ञान पाहायचं, आणि दोन्ही डोळे एकदम वापरायचे. आज कॅनडात मासेमारीपासून आरोग्यसेवेपर्यंतच्या संशोधनात ती वापरतात, कधी मनापासून, कधी अनुदानाच्या अर्जापुरती.

जायचं असेल तर

हॅलिफॅक्स आणि आसपास आता बरीच मराठी कुटुंबं आहेत, म्हणून थोडं व्यवहाराचं. उन्हाळ्यात वस्त्यांवस्त्यांत भरणारे पॉवाव, म्हणजे मावियोमी, बहुतेक सगळ्यांसाठी खुले असतात. सुरुवातीच्या प्रवेशयात्रेला उभं राहायचं. सूत्रधार सांगेल तेव्हा फोन खाली ठेवायचा. नाचणाऱ्यांच्या पोशाखाला ‘कॉस्च्यूम’ म्हणायचं नाही आणि हात तर अजिबात लावायचा नाही. गरुडाचं पीस जमिनीवर पडलं तर नाच थांबतो. ते आपण उचलायचं नसतं, ते कसं उचलायचं याचा वेगळा विधी आहे. स्वेट लॉजला बोलावल्याशिवाय जात नाहीत, आणि आत झालेलं बाहेर सांगत नाहीत. १ ऑक्टोबरला हॅलिफॅक्समध्ये ट्रीटी डे, म्हणजे तहांचा दिवस, असतो, १९८६ पासून. तिथे ग्रँड कौन्सिल, चर्च आणि सरकार एकाच दिवसात बघायला मिळतात.

आणि कुणा वडीलधाऱ्याला काही विचारायचं असेल, म्हणजे गोष्ट, औषधी, सल्ला, तर रिकाम्या हाताने जायचं नाही. कापडात बांधलेली तंबाखूची छोटी पुरचुंडी पुढे करायची. त्यांनी ती घेतली तर प्रश्न विचारावा. नाही घेतली तर तो दिवस सोडून द्यावा.